पोटखराब्यावरचं ऊन

जळगाव

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते आणि संघटनेचं कामही करत. पलंगाखाली कायम पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'कामगार बंधूंनो' हे मला 'कमळ' वाचता येण्याआधी वाचता येत होतं. त्यामुळे गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. ते चार पानी पत्रक उन्हापासून होणाऱ्या विजेवर होतं. त्यातलं एक वाक्य फार जमलंय असं मला वाटायचं: 'पडीक जमीन म्हणजे वाया चाललेलं ऊन, जिथे काही उगवत नाही, तिथे वीज उगवू द्या.'

या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

जानेवारीत योगेश नावाच्या एका तरुणाचा फोन आला. तो एरंडोलकडचा. सौर प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीसाठी गावोगावी जाऊन लोकांशी बोलायचं हे त्याचं काम. माझं पत्रक त्याला कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. "ताई, शिंदखेडा तालुक्यात एका गावात आमची ग्रामसभा आहे. तुमच्या पत्रकानं माझं निम्मं काम केलंय. तुम्ही स्वतः आलात तर उरलेलं होईल." मी हुरळून गेले, हे कबूल करायला हवं. पत्रक लिहिणाऱ्याला ते कुणी वाचल्याचं क्वचितच कळतं. दोनशे प्रती आणि गावाला भेट म्हणून एक सौर कंदील पिशवीत भरून मी निघाले. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथला प्रश्न अजून सुटलेला नाही.

जळगावला उतरले त्या संध्याकाळी योगेशच्या मामांच्या मळ्यात भरिताचा बेत होता. आमच्याकडे वांगं भाजतात ते एकदोन, गॅसवर, घाईघाईत. इथे पोतंभर हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात टाकली होती आणि पुरुषमंडळी भोवती राखण करत बसली होती. मी सवयीने धुराचे तोटे सांगायला लागले. डोळे, फुप्फुसं, घरातल्या बायका. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "उद्यापासून गॅसवर. आज मात्र तुम्ही धुराचं खा, आणि मग सांगा."

मी खाल्लं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीबरोबर तीन वेळा घेतलं. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी चौथ्यांदा ताट पुढे केलं, आणि सगळा मळा हसला. कपाशी वेचून झाल्यावर उरलेली काडी ही, तिच्यासाठी कुणी झाड तोडलेलं नव्हतं. हे मला जेवताना सुचलं. पत्रकात नव्हतं.

सोनगीर

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळं, आणि तिथून दोंडाईच्याची गाडी. वाटेत सोनगीरला महामार्गावर गाडीचं चाक बसलं. तासभर किल्ल्याकडे बघत, पितळी भांड्यांच्या दुकानाच्या सावलीत बसावं लागलं. तिथे मी योगेशला जर्मनीची गोष्ट सांगितली.

गेल्या उन्हाळ्यात एका शिष्यवृत्तीवर मी तिकडे तीन आठवडे राहिले होते. उत्तरेकडच्या एका खेड्यात पवनचक्क्या येणार होत्या आणि गावाला त्या नको होत्या. अग्निशमन दलाच्या सभागृहात सुनावणी झाली. कॉफी होती, केक होता. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की पात्याची सावली सकाळी त्यांच्या न्याहारीच्या टेबलावरून फिरेल. फिरेल म्हणजे सारखी फिरत राहील. एक बाई घारीच्या घरट्याचं छायाचित्र घेऊन आल्या होत्या. पुढे बसलेला अधिकारी प्रत्येक हरकतीला क्रमांक देत होता आणि लेखी उत्तराची तारीख सांगत होता. शेवटी चक्क्या झाल्या नाहीत. गावात दिवे मात्र लागतच राहिले. त्यांची वीज कोळशावर दुसरीकडे कुठेतरी तयार होत होती, जिथली धूळ या न्याहारीच्या टेबलावर कधी येणार नव्हती.

माझ्या पत्रकात या प्रसंगावर अर्धं पान होतं. त्याचं शीर्षक: 'सावलीचं रडगाणं'.

"बरोबर आहे ताई," योगेश म्हणाला. "श्रीमंतांचे लाड. आपल्याकडे असली नाटकं नसतात. आपल्याकडे लोक समजूतदार."

मी मान डोलावली. ती मान डोलावल्याची आठवण मला अजून टोचते.

दोंडाईचा ओलांडून पुढे गेलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल मिरची वाळत घातलेली. इतकी की डोळ्यांत ऊन शिरतंय की तिखट ते कळेना. इकडे ऊन आधीच कामाला लागलेलं होतं. त्याला कामाला लावा असं सांगायला मी कोल्हापूर जिल्ह्यातून आले होते.

गाव

मुक्काम सरपंचांच्या घरी होता. त्यांना सगळे नाना म्हणतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या घरात बसायच्या खोलीत एका तरुण माणसाचा हार घातलेला फोटो होता. मी विचारण्याआधीच नानांच्या पत्नीने सांगितलं: धाकटे दीर. गव्हाला पाणी द्यायला रात्री शेतात गेले होते. साप चावला.

शेतीपंपाची वीज इथे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि दिवसाची पाळीही पुष्कळदा बुडते. गावाशेजारी सौर प्रकल्प झाला तर त्याची वीज सरळ पंपांना, दिवसा मिळणार होती. नानांना बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना माणसं रात्री घरात हवी होती. आजवर मी वीज म्हटली की कोळसा, धूर, पृथ्वीचं तापमान असं बोलत आले. त्या घरात बसून कळलं की इथे तिचा एकच अर्थ आहे.

तेवढ्यात दिवे गेले. मी मोठ्या ऐटीत सौर कंदील काढला. तो लागेना. निघाल्यापासून पिशवीच्या तळाशी, पत्रकांखाली राहून त्याला उन्हाचा कवडसाही मिळाला नव्हता. नाना पहिल्यांदा हसले आणि इकडच्या अहिराणीत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. नवा शे, लाजस."

बर्डी

प्रकल्पाची जागा गावाच्या वरच्या अंगाला होती. बर्डी म्हणजे उघडी, खडकाळ टेकडी. सकाळी योगेश मला ती दाखवायला घेऊन गेला. खरं सांगते, लांबून ती माझ्या वाक्यासारखीच दिसत होती. पिवळं गवत, दगड, तरवड, कुठे एखादी बाभूळ.

चढावर एक बाई भेटल्या. साठीच्या पुढच्या, हातात आकडी लावलेली लांब काठी. त्या बाभळीच्या शेंगा ओढून खाली पाडत होत्या आणि वीसेक बकऱ्या त्यांच्या पायांत घोटाळत होत्या. योगेशने ओळख करून दिली: तुळसाअक्का. नवरा लवकर गेला, दोन मुली बकऱ्यांवर वाढवल्या, लग्नं केली.

"कोन गावनी वं माय तू?" अक्कांनी विचारलं.

"इचलकरंजीची. कोल्हापूरकडची."

"इतली दूरथीन आठे काय दखाले उनी? आठे ते काहीच नही, असं ह्या भाऊ म्हनतस."

ह्या भाऊ म्हणजे योगेश. तो ओशाळला. "अक्का, मी नाही म्हणत. सातबारा म्हणतो. त्यावर ही सगळी जागा पोटखराबा आहे. सरकारी शब्द आहे तो."

"पोट खराब?" अक्का थांबल्या. "कोनं पोट?"

"जमिनीचं. म्हणजे जिथे पीक येत नाही अशी जमीन."

अक्कांनी काठी जमिनीवर टेकवली. "ह्या जमीनवर मनं पोट चालनं. मन्या दोन पोरीस्नं चालनं. ह्या बठ्ठ्यास्नं चालस," म्हणून त्यांनी बकऱ्यांकडे हात केला. "मंग खराब कोनं व्हयनं रे भो? लिखनारानं का?"

आणि त्या हसल्या. राग नव्हता त्यात. त्यामुळे जास्त लागलं. लिहिणाऱ्याचं पोट. अक्कांना ठाऊक नव्हतं की त्या क्षणी तिथे लिहिणारे दोघं उभे होते: एक तलाठ्याच्या दप्तरातला, आणि एक मी. त्याने पोटखराबा लिहिलं, मी पडीक. त्याच्या कामात निदान मोजणीची साखळी तरी या दगडांवरून कधीतरी फिरली असेल. मी पंख्याखाली बसून लिहिलं होतं.

"अक्का, तुम्हाला कुणी विचारलं का, की इथे पॅनेल बसवू का म्हणून?"

"माले? मन्या नावनी जमीन शे का, माले इचाराले?"

बर्डी कुणाच्याच नावावर नव्हती, गायरान होती. म्हणून तर ती सोयीची होती. ग्रामसभेचा एक ठराव झाला की काम सुरू. कुंपण पडलं की बकऱ्यांना जायला दुसरी जागा नाही, हे सांगायला अक्कांना कुणी व्यासपीठ दिलं नव्हतं. मला ते न्याहारीच्या टेबलाचे म्हातारे आठवले. क्रमांक दिलेली त्यांची हरकत आठवली. त्यांच्या सावलीला मी रडगाणं म्हटलं होतं. पण रडगाणं असो की गाणं, ते त्यांना म्हणता येत होतं, आणि ते लिहून घेणारा माणूस समोर बसलेला होता. उलट तिथे एका सावलीसाठी चक्क्या थांबल्या, आणि इथे एका बाईचं सगळं जगणं कुंपणात जात असताना आम्ही तिला समजूतदार म्हणत होतो.

ग्रामसभा

सभा दुपारी शाळेच्या ओट्यावर भरली. पुरुष पुढे, बायका भिंतीला टेकून मागे. ग्रामसेवकांनी विषय वाचला: बर्डीवरील जागेस ना हरकत देणे. योगेश उठला आणि त्याने आधी वही उघडली नाही, माझं पत्रक उघडलं.

"पडीक जमीन म्हणजे वाया चाललेलं ऊन," तो स्वच्छ आवाजात वाचत होता. "जिथे काही उगवत नाही, तिथे वीज उगवू द्या. आणि मंडळी, हे लिहिणाऱ्या ताई आज स्वतः इथे आल्या आहेत."

टाळ्या झाल्या. मागे अक्का डोक्यावरचा पदर सारखा करत बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या.

मी उठले. भाषण पाठ होतं, पण ते बोलता येईना.

"हे वाक्य माझं आहे," मी म्हणाले. "मी ते लिहिलं तेव्हा ही बर्डी बघितली नव्हती. कुठलीच बर्डी बघितली नव्हती. आज सकाळी बघितली. वाक्य चुकलं आहे. मी ते परत घेते."

मग कोपऱ्यातून एक आजोबा म्हणाले, "वाक्य परत ल्या, कागद ऱ्हाऊ द्या. चूल पेटाडाले कामे येई." सगळे हसले, मीही हसले असते. पण नाना उठले होते.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, आणि मग मराठी सोडून ते अहिराणीत बोलू लागले. "तुम्ही परवा एसटीमां बठशात. रातले पानी भराले आम्हीच जासूत. मना भाऊ गया. आते आनखी कोन जावाले पाहिजे, ते सांगा."

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला एक खोड असते: त्याला वाटतं की चूक मान्य केली की काम झालं. चूक माझी होती, पण रात्र नानांच्या गावाची होती. योगेश खाली मान घालून बसला होता. त्याची नोकरीही या ठरावावर टांगलेली असणार, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा मागून अक्का बोलल्या. उठल्या नाहीत, बसूनच.

"नाना, मी वीज नको असं नही म्हनत. तुना भाऊ मन्याबी घर बकरीनं दूध पेवाले येत जाय. पन बर्डी तुम्ही बठ्ठ्यासनी दखी नही. रस्तावरथीन दखस तितली बर्डी नही ती. सकायले मन्या संगे चला. मी दखाडस कोठे काय शे. मंग करा ठराव."

ग्रामसेवक म्हणाले, आज विषयपत्रिकेत असं काही नाही. नाना पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "सभा तहकूब लिखा."

तवा

सकाळी पंधरा-वीस माणसं जमली. पुढे बकऱ्या, त्यांच्यामागे अक्का, मग नाना, आणि हातात नकाशा घेऊन योगेश. नकाशात बर्डी म्हणजे तिरक्या रेघांचा एक मोठा तुकडा आणि मधे एकच शब्द: पोटखराबा.

"हाई बोरीनी खोर," अक्का म्हणाल्या. "आठे बकऱ्या व्यातस. वारा लागत नही."

योगेशने खिशातला लाल पेन काढला आणि नकाशावर त्या घळीच्या जागी लिहिलं, बोरीची खोर. पुढे सीताफळीचा उतार आला. दिवाळीला निम्म्या गावाची मुलं इथे असतात म्हणे, आणि त्यात नानांचाही धाकटा होता हे तिथेच उघड झालं. पुढे एका कपारीत अक्कांनी दगड बाजूला सारला. खाली ओल होती. "उन्हायामां गावनं पानी आटस, हाई नही आटत." त्याच्यापुढे गवताचा पट्टा, जिथून बायका पावसाळ्यानंतर भारे आणतात. योगेश लिहीत गेला. दहा वाजेपर्यंत तिरक्या रेघा लाल अक्षरांखाली झाकून गेल्या.

मग अक्का दक्षिणेच्या टोकाला थांबल्या. तिथे काळा, सपाट, उघडा खडक होता. बकऱ्या त्याच्या कडेवरून वळून गेल्या, एकीनेही पाय ठेवला नाही.

"हाऊ तवा," अक्का म्हणाल्या. "आठे भाकर शेकाई जाई असा तपस. बकरीबी येत नही. तुम्हले ऊन पाहिजे ना रे भो? आठे मांडा."

योगेशने मोबाइलवर कडेकडेने चालत माप घेतलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "निम्मंच बसतं. निम्म्याच पंपांना वीज पुरेल."

निम्म्या पंपांना. म्हणजे निम्मं शिवार दिवसा आणि निम्मं रात्री. नाना तव्यावर उभे राहून खाली बघत होते. खाली वीज उपकेंद्राला लागून एक भलंमोठं सपाट रान होतं, सगळं गाजरगवताने भरलेलं.

"ते कुणाचं?" मी विचारलं.

"नाशिकला असतात ते मालक," कुणीतरी हळूच म्हणालं. "सातबारावर जिरायत आहे. पेरलेलं कुणी बघितलं नाही, पाच-सात वर्षं तरी."

म्हणजे कागदावर जी पिकाची होती ती पडीक होती, आणि कागदावर जी खराब होती तिच्यावर गाव जगत होतं. कंपनीने नकाशा बघून जागा निवडली होती, आणि मी नकाशाही न बघता वाक्य लिहिलं होतं.

"त्यासले कोनी इचारं का?" अक्कांनी विचारलं.

अक्कांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्या लहान होत्या. नाशिकच्या मालकांना कुणी विचारलं नव्हतं, कारण ते मोठे होते.

योगेशने त्याच्या वरिष्ठांना फोन लावला. "सर, पोटखराबा कमी भरला... हो, जागेवरच आहे... गावासोबत फिरलो." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात, पोटखराबा कागदावर असतो तेवढाच असतो. कमी भरत नाही."

नाना पुढे झाले. त्यांनी त्याच्या हातातला नकाशा घेतला, लाल अक्षरं एकदा वाचली, घडी घातली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"मंग हाऊ कागद आम्हना जोडे ऱ्हाई," ते म्हणाले. "नाशिकवालासले मी इचारस."

त्यांनी तिथेच, खडकावर उभं राहून नंबर लावला. दुसऱ्या कानात बोट घातलं, कारण वर वारा होता. रिंग जात होती. बकऱ्या तोवर पुढच्या उतारावर पोचल्या होत्या आणि अक्का त्यांच्या मागे निघून गेल्या होत्या; त्यांचं काम झालेलं होतं आणि दुसरं राहिलेलं होतं. त्या वेळी फोन उचलला गेला नाही.

परत आल्यावर

इचलकरंजीला येऊन महिना झाला. उरलेल्या प्रतींमधलं ते वाक्य मी पेनाने खोडते आहे, एकेक करून. 'सावलीचं रडगाणं' हे अर्धं पानही. वडील म्हणाले, छापलेलं खोडू नये, नवं छापावं. छापीन. पण आधी हे हाताने करायचं आहे.

तव्यावर आखणी झाली, असं योगेशने कळवलं. त्याची बदली झाली आहे. नकाशा पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडला, बोरीच्या खोरीसकट; बर्डीच्या बाकीच्या भागाला ना हरकत दिली गेली नाही. नाशिकहून अजून उत्तर नाही.

काल संध्याकाळी नानांचा फोन आला. मी लोकांना काय सांगत असते, नवं पत्रक कधी काढणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगत होते तेवढ्यात त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ठेवतो ताई. लाईन येवानी येळ झाली. ह्या आठवडामां रातनी पाळी शे, बॅटरी शोधनी शे."

मी फोन ठेवला. माझ्या खोलीत दिवा लागलेला होता.